सिटी स्कॅन नॉर्मल आला, मंग डोस्कं काहून दुखून राहिलं?

दारव्ह्याकडच्या एका गावातून एका बाईनं पत्र लिहून त्याचा फोटो पाठवला. वय ३४, दोन लेकरं, घरची चार एकर कोरडवाहू आणि उरलेल्या दिवसात दुसऱ्याच्या वावरात मजुरी. पत्र मोठं आहे, थोडक्यात तिच्याच शब्दात देते.

"सिस्टरबाई, मागच्या शनिवारी कापूस वेचून आलो आन् ट्रॉलीतून उतरताना माझा पाय सटकला, मी मागच्या मागं पडली, डोक्याची मागची बाजू फाळक्यावर आपटली. बेशुद्ध नाही झाली पण चार-पाच मिनिटं काय होऊन राहिलं ते समजेच ना, एक उलटी झाली. ह्यांनी तालुक्याले नेलं, तिथून जिल्ह्याले. सिटी स्कॅन काढला, नॉर्मल आला, गोळ्या देऊन घरी पाठवलं. आज सहावा दिवस हाय. डोकं ठणकते, मान आखडली, कूस बदलली का घर फिरते, चुलीपाशी बसवत नाही, लेकरं बोंबलले का रडू येते. काल भाजीत दोनदा मीठ टाकलं. सासूबाई म्हणते रिपोर्ट नॉर्मल हाय तं ऐन वेचाईतच बरं दुखते तुले. जाऊ म्हणते महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा आन् जास्त झोपू नको, कोमात जाशीन. शेजारीण म्हणते बाहेरचं हाय, गुरुवारी दाखवून आणू. बचत गटाची सचिव मीच हाय, हिशोब मोबाइलवर टाकायचा रायला. बाजूच्या घरी लगन हाय, डीजे लागते. मी वेचाले कधी जाऊ? गोळी कोणती घेऊ? आन् मले खरंच काही झालं हाय का माझंच मन कच्चं हाय?"

पोरी, तुझं पत्र दुपारी वाचलं आणि आजच बसून लिहून राहिली. आधी घरच्या सगळ्यांना जवळ बसव आणि हे वाचून दाखव, कारण वेळ आली तर धावपळ त्यांनाच करायची आहे. डोकेदुखी कमी व्हायच्या ऐवजी तासातासाला वाढत चालली, उलट्या पुन्हा पुन्हा व्हायला लागल्या, हलवून हलवून उठवलं तरी धड जागी होत नाही, जीभ जड पडून बोलणं समजत नाही, भलतंच बरळते, घरची माणसं ओळखत नाही, एका बाजूचा हात नाही तं पाय ढिला पडला, झटका आला, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसून राहिली, एकाचे दोन दिसते, नाका-कानातून रक्त नाही तं पाण्यासारखं पातळ काही येऊन राहिलं, यातलं एक जरी झालं तरी लगेच १०८ ला फोन करायचा. सकाळ होऊ द्या म्हणायचं नाही, गावातल्या डॉक्टरची एक सुई घेऊन पाहू म्हणायचं नाही. १०८ ची गाडी फुकट असते, रात्री-बेरात्री येते. आणि अशा माणसाला मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेऊ नका, मी ड्युटीवर असताना असे कितीतरी पेशंट आलेले पाहिले, मान लोंबकळत, मागचा पोरगा कंबर धरून बसलेला. जाताना सिटीची फिल्म आणि डिस्चार्जचा कागद सोबत घ्यायचा आणि दारातच सांगायचं की अमुक दिवशी डोक्याला मार लागला, तेव्हा सिटी नॉर्मल होता. सिटी म्हणजे त्या दिवसाचा फोटो आहे बाई, आजचा नाही.

तुझ्या पत्रात एकच उलटी आहे आणि तीही पहिल्याच दिवशी, तू सहाव्या दिवशी इतकं सविस्तर, तारीखवार पत्र लिहिलंस, म्हणजे वरचं काही तुला नाही असंच दिसते. त्यामुळे घाबरून जाऊ नको, पण घरात हे सगळ्यांना पाठ पाहिजे.

आता तुझा शेवटचा प्रश्न. हो, तुला खरंच झालं आहे. मन कच्चं वगैरे काही नाही. याला डॉक्टर लोक कन्कशन म्हणतात, आपण मेंदूला बसलेला मुका मार म्हणू. हातापायाला मुका मार बसला की निदान काळंनिळं तरी पडते, लोकाले दिसते, इथं कवटीच्या आत सगळं झाकलेलं. सिटी स्कॅनमध्ये दोन गोष्टी चांगल्या दिसतात, हाड फुटलं का आणि आत रक्त साचलं का. तुझं दोन्ही नाही, हे फार चांगलं झालं. पण मुका मार सिटीत दिसतच नाही, कन्कशन झालेल्या बहुतेक माणसांचा सिटी नॉर्मलच येते. आणि शुद्ध हरपलीच पाहिजे असंही काही नाही, बहुतेकांची हरपत नाही.

आत नेमकं काय होते ते तुला आपल्या विहिरीवरच्या मोटरवरून सांगते. लाईन थ्री फेज असली तं मोटर पाणी फेकते. एक फेज गेला तरी घरातला बल्ब लागते, पंखा फिरते, बाहेरच्याला वाटते लाईन आहे की, पण त्याच लाईनवर कोणी मोटर चालू केली तर ती नुसती हुं हुं करते आणि जास्त वेळ ठेवली तं जळते. तुझ्या मेंदूचं सध्या तसंच आहे. जोरात हादरा बसला की मेंदूच्या पेशीतले क्षार इकडचे तिकडे होतात, सोडियम पोटॅशियम कॅल्शियम हे सगळे, ते जागेवर आणायला पेशीला खूप जास्त साखर म्हणजे ताकद लागते आणि नेमकं त्याच वेळी मेंदूकडचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असते. मागणी जास्त, पुरवठा कमी. म्हणून तू बोलते, चालते, भाकरी थापते, सगळ्यांना वाटते बरी आहे, आणि चार कामं एकदम आली, लेकरांचा कल्ला, चुलीचा धूर, भाजी, सासूबाईचा आवाज, की डोकं हुं हुं करायला लागते. भाजीत दोनदा मीठ पडलं ते त्याच्यामुळे. रडू येणं, चिडचिड, उजेड-आवाज सहन न होणं, शब्द लवकर न सापडणं, सगळं त्याच मारातलं आहे. मोठ्या माणसाचं हे बहुतेक वेळा दोन आठवड्यांत, फार तर महिन्याभरात उतरते.

जावेचं म्हणणं एकेक करून घेऊ. झोपू नको, कोमात जाशील, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात, मी नोकरीला लागली तेव्हाही सांगत होते. पहिल्या रात्री माणसाला अधूनमधून उठवून पाहायला काही डॉक्टर सांगतात, त्यात चूक नाही, पण जागं ठेवायचं म्हणून झोपू न देणं हे चूक. झोपेतच मेंदू दुरुस्त होते. रात्री आठ-नऊ तास झोप, पहिले काही दिवस दुपारीही अर्धा-पाऊण तास पड, फक्त दुपारचीच झोप तीन-तीन तास नको नाही तं रात्री डोळे उघडे आणि मंग डोकं पुन्हा जड. झोपायची-उठायची वेळ एकच ठेव.

अंधाऱ्या खोलीचं मात्र समजून घे, कारण यात जाऊबाई एकटी नाही, जुने डॉक्टरसुद्धा असंच सांगायचे. पूर्ण बरं वाटेपर्यंत हलायचं नाही. आता ते बदललं. २०२२ साली ॲमस्टरडॅमला यावर जगातल्या तज्ज्ञांची परिषद झाली, तिचं सांगणं २०२३ ला छापून आलं, खेळाडूंसाठी होतं ते पण मेंदू तर सगळ्यांचा सारखाच. त्यात सांगितलं की सक्तीनं पडून राहण्यानं फायदा होत नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, तोही घरातल्या घरात थोडं उठून-फिरून, आणि मंग हळूहळू हलकं चालणं सुरू करायचं, डोकं थोडं दुखत असलं तरी. महिनाभर अंधारात पडलं की माणसाची ताकद जाते, झोप बिघडते, मनात नाही ते विचार येतात आणि उजेड अजूनच सहन होईनासा होते.

मंग थोडं म्हणजे किती? याचं एक सोपं माप त्या परिषदेनं दिलं, ते मला फार आवडलं कारण त्याला ना मशीन लागते ना पैसे. काम करायच्या आधी स्वतःला विचार, शून्य ते दहात माझा त्रास किती? समज तीन आहे. काम करताना दोनानं वाढून पाचपर्यंत गेला आणि तासाभराच्या आत खाली आला, तर चालते, त्यानं मेंदूचं नुकसान होत नाही. पाचाच्या वर चालला किंवा तासाभरानंतरही उतरला नाही, तर आज तेवढंच, थांबायचं, आणि उद्या त्यापेक्षा कमी करायचं. भिंतीवर कालनिर्णय असेल तर त्याच्या चौकटीत सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेव. आकडा एका दिवसात नाही पण चार दिवसांत खाली येताना दिसतो, आणि घरच्यांनाही दिसतो.

आता तुझ्या घरच्या कामांवर येते कारण "आराम करा" असं कागदावर लिहून देणाऱ्याला आपल्याकडच्या बाईचा दिवस माहीत नसते. उद्यापासून सकाळी ऊन चढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं चाल, देवळापर्यंत जाऊन ये, सोबत कोणीतरी पाहिजे, चक्कर येते म्हणून. बसून करायची कामं चालतील, कपड्यांच्या घड्या, लसूण सोलणं, लेकरांची वेणीफणी. तांदूळ निवडणं सोपं वाटते पण बारीक नजर लावावी लागते, डोळे दुखायला लागले की सोडून दे. भाकरी करायची तर गॅसवर कर. तुमच्याकडे सिलेंडर आहे की नाही तू लिहिलं नाहीस, आपल्याकडे सिलेंडर असून कोपऱ्यात झाकून ठेवतात, संपला तं भरायला पैसे लागते म्हणून. पण हे दोन-तीन आठवडे त्याच्यासाठीच आहेत बाई. चुलीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असते, त्यानं चांगल्या माणसाचं डोकं दुखते, तुझं तर आधीच दुखून राहिलं. गॅस नसलाच तर चूल अंगणात मांडा आणि सध्या दुसऱ्या कोणाला बसवा तिच्यापाशी.

जे अजिबात नको ते सांगते. डोक्यावर गुंड नाही, घागर नाही, लाकडाची मोळी नाही, कापसाचं गाठोडं नाही. मानेलाही झटका बसलेला आहे तुझ्या, मागं पडताना मान हिसकली, त्या आखडलेल्या मानेतून निघणारं दुखणं वर डोक्यापर्यंत चढते आणि ते आपल्याला डोकेदुखीच वाटते. मानेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दे, मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळव, पण कोणाकडूनही कडकडा मोडून घेऊ नको. गावात मान-पाठ मोडून देणारा एखादा असतेच, त्याच्याकडे तर मुळीच नाही. माळ्यावर चढणं नाही, विहिरीच्या काठावर नाही, खाली वाकून कपडे आपटणं नाही.

मोटरसायकलवर मागं बसून बाजारात जाणंही सध्या नको. कारण एकच, बरं व्हायच्या आत डोक्याला दुसरा मार बसला तर पहिल्यापेक्षा छोट्या मारानंही मोठं नुकसान होते, दुखणं महिनोन्‌महिने लांबते आणि क्वचित मेंदूला सूज येऊन जीवही जाते. आपले रस्ते, रात्री आडवे येणारे रोही, डुकरं, तुला सांगायला नको. दवाखान्यात जायचं तर एसटीनं नाही तं ऑटोनं.

कूस बदलली की घर फिरते हे तू सहज लिहून गेलीस पण माझी पेन्सिल त्याच ओळीवर थांबली. उठताना, आडवं होताना, वर पाहताना अर्धा-एक मिनिट सगळं गरगर फिरते आणि मंग आपोआप थांबते, असं असेल तर ते बहुतेक कानाचं आहे. आतल्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात, तोल सांभाळायला, डोक्याला मार लागला की ते जागेवरून सुटतात आणि भलत्या नळीत जाऊन पडतात. त्याला गोळी फारशी कामाची नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाही तं शिकलेले फिजिओथेरपिस्ट पलंगावर झोपवून डोकं एका ठरावीक पद्धतीनं वळवतात आणि खडे परत जागेवर नेतात, पाच-दहा मिनिटांचं काम, कित्येक लोक एक-दोन वेळातच मोकळे होतात. मी पाहिलं आहे, सहा-सहा महिने चक्करच्या गोळ्या खाणारी बाई एका सकाळी बरी होऊन गेली. तेव्हा हे अंगावर काढू नको, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या ओपीडीत दाखव आणि आधी सांग की डोकं आपटलं होतं, मान दुखते, म्हणजे ते जपून करतील. यूट्यूबवर पाहून घरी मान वळवत बसू नको.

गोळ्यांचं. डोकेदुखीला साधी पॅरासिटामॉल ५०० ची एक, लागलीच तर सहा तासांनी दुसरी, दिवसाला चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी आशाताईला नाही तं डॉक्टरला विचार. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्यांचं पाकीट आशाताईला दाखव, त्यातच पॅरासिटामॉल असेल तर वरून दुसरी घेऊ नको, नाव वेगळं असते आणि औषध तेच असते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत तरी घेत नाहीत, रक्तस्रावाची भीती असते, आताही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. किराणा दुकानातली लाल-पिवळी पुडीही नको, तिच्यात काय काय मिसळलेलं असते कोणाला ठाऊक. झोपेची गोळी अजिबात नको, माणूस औषधानं सुस्त आहे की मेंदूनं, हे मंग कोणालाच कळत नाही. आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, डोकेदुखीची गोळी महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस खाल्ली तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागते. तेव्हा लागेल तेव्हाच घे, सवय म्हणून नको. सलाईन लावून ताकद येते म्हणून कोणी पाचशे रुपये मागत असेल तर त्या पैशाचं दूध आणि अंडी आण, तोंडानं खाता-पिता येत असलं तर सलाईनचं काही काम नाही.

खाण्यात पथ्य काही नाही, वरण-भात-भाकरी-भाजी वेळेवर, पाणी भरपूर. फक्त उपास नको. मार्गशीर्ष लागून राहिला, तुझे गुरुवार असतील, पण उपाशी राहिलं की चांगल्या माणसाचं डोकं चढते. लक्ष्मीची पूजा कर, पोथी दुसरीला वाचायला सांग, आणि जेव. चहा सकाळी घे, संध्याकाळनंतर नको. खर्रा-तंबाखू असेल तर सध्या बंद, तंबाखूनं चक्कर-मळमळ होते आणि मंग ती माराची का तंबाखूची ते समजत नाही. हे घरातल्या पुरुषांना मार लागला तरी असंच, आणि दारू तर थेंबभर नाही.

मोबाइलचं असं की २०२१ साली छापून आलेला एक अमेरिकेतला अभ्यास आहे, १२ ते २५ वयाची पोरं होती त्यात, अर्ध्यांना पहिले दोन दिवस स्क्रीन पूर्ण बंद आणि अर्ध्यांना चालू. बंदवाल्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत उतरला, चालूवाल्यांना आठ दिवस लागले. तुझे ते दोन दिवस गेले, आता तुला पूर्ण बंद करायची गरज नाही, पण एका वेळी दहा मिनिटं, उजेड कमी करून, अक्षर मोठं करून, आणि आकडा वाढला की खाली ठेवायचा. रील्स सध्या नकोच, पटपट हलणारं चित्र सगळ्यात जास्त त्रास देते. बचत गटाचा हिशोब या वेळेस अध्यक्षबाईला नाही तं आपल्या गटाच्या ताईला टाकू दे, तू शेजारी बसून तोंडी सांग. आणि हे संकोच न करता सांग त्यांना, आकड्यात चूक झाली तर तुलाच महिनाभर निस्तरावी लागेल आणि तुझ्या सचिवपणावर बोट येईल, मंग डोक्याच्या मारापेक्षा ते जास्त लागेल.

डीजेच्या दोन रात्री माहेरी नाही तं गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाकडे झोपायला जा. मानपानाचा प्रश्न येईल हे मला ठाऊक आहे, हळदीला दहा मिनिटं जाऊन कुंकू लावून ये, पण डीजेपाशी नाही. एरवी दिवसभर कानात बोळे घालून बसू नको, घरातल्या साध्या आवाजाची कानाला सवय राहू दे. उन्हात दुपट्टा कपाळावर ओढून घे, पण घरात गॉगल नको.

बाहेरचं आहे म्हणणाऱ्या शेजारणीचा जीव तुझ्यासाठी तुटत असेल, तिच्याशी भांडू नको. अंगारा लावायचा तर लाव, नारळ फोडायचं तर फोड. पण धुपाच्या धुरात बसवणं, केस धरून डोकं गरगर फिरवणं, छडी मारणं, यातलं काही होणार असेल तर त्या दारात पाय ठेवू नको. सहा दिवसांपूर्वी मार लागलेलं डोकं कोणी हलवलं तर काय होते ते वर लिहिलं आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्यानं गुन्हाही आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि हे त्यांना वाचून दाखव. ताई, तुम्ही सुनेवर रागावता ते मला समजते. कापूस बोंडातून लोंबून राहिला, मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागे काय मागते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि तुमच्या वेळेस तुम्हाला कोणी आराम दिला नाही, बाळंतपणाला महिना झाला नाही तर निंदायला गेल्या असाल. पण तिचा हात मोडला असता, प्लास्टर दिसलं असतं, तर तुम्हीच तिला वेचायला पाठवलं नसतं, तिचं पाणी तुम्हीच भरलं असतं. हा मार तसाच आहे, फक्त दिसत नाही. आज आठ दिवस सांभाळलं तर ती या हंगामातच तुमच्यासोबत पाटीला लागेल. आज ओढून नेली तर दोन दिवस वेचेल आणि महिना झोपेल. मी हे माझ्यावरून सांगते. नोकरीत असताना ओल्या फरशीवर घसरून मी अशीच पडली होती, फोटो नॉर्मल होता, दुसऱ्या दिवशी नाईट ड्युटीला उभी राहिली कारण वॉर्डात दुसरी कोणी नव्हती आणि साहेब म्हणाले नॉर्मल आहे ना मंग काय. तीन महिने माझं डोकं जागेवर नव्हतं, एका पेशंटला दुसऱ्याची सुई देता देता वाचली. ती रात्र मला अजून आठवते, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते.

आणि ताई, तुमच्यासाठीही एक. उतारवयात मेंदू थोडा आकसते, बाजूच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, साध्या पडण्यानंही त्यातून थेंबथेंब रक्त झिरपते आणि दोन-तीन आठवड्यांनी त्रास सुरू होते. आमच्याकडे एक आजोबा बंडीवरून पडले, काही झालं नाही म्हणून घरीच राहिले, तीन आठवड्यांनी पाय ओढायला लागले, विसरायला लागले, घरचे म्हणाले म्हातारपण आलं. सिटीत जुनं रक्त साचलेलं निघालं. नागपूरला कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढलं आणि ते स्वतःच्या पायानं घरी आले. साठीच्या वरचं माणूस, दारू पिणारं, किंवा हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असलेलं कोणी डोक्यावर पडलं तर साध्या टेंगळालाही दवाखाना दाखवा आणि पुढचे दोन-तीन महिने चाल, बोलणं, विसरणं यावर नजर ठेवा.

पोरी, वेचायचं आता. घाई करू नको पण भीतीही धरू नको. सकाळचं चालणं अर्ध्या तासावर आलं, घरची कामं करून आकडा दोनच्या वर जात नाही, कूस बदलून घर फिरत नाही, असं सलग दोन-तीन दिवस झालं की मंग वावरात जा, पहिल्या दिवशी सकाळचा एक तास फक्त. कमरेची ओटी अर्धीच भरायची, भरली की धुऱ्यावर नेऊन दुसऱ्यानं ओतायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन तास, मंग अर्धा दिवस. डोकं चढलं तर एक पायरी मागं, एक दिवस थांबून पुन्हा. वजन उचलणं सगळ्यात शेवटी. मजुरीवर जात असशील तर मुकादमाला आधीच सांगून ठेव की चार दिवस किलो कमी भरतील. आणि जाताना-येताना ट्रॉलीत कापसावर बसू नको, उतरताना कोणीतरी हात दिलाच पाहिजे.

मालकाला सांग, पाणी भरणं आणि लेकरांना शाळेत सोडणं हे पंधरा दिवस त्यांच्याकडे. त्यांनी त्या दिवशी तुला तालुका, जिल्हा करत नेलं, म्हणजे माणूस काळजीचा आहे, त्यांना फक्त नेमकं काय करायचं ते कोणी सांगितलं नसेल. रडू आलं तर त्यांच्यापाशी रड. महिना झाला तरी डोकं, झोप, रडणं जागेवर आलं नाही तर पुन्हा दाखवायचं, यवतमाळ नाही तं नागपूरच्या मेडिकलला, तिथं न्यूरोचे डॉक्टर आहेत. मन फारच खाली गेलं, जगू नाही वाटलं तर त्याच दिवशी, १४४१६ हा सरकारी टेलि-मानस फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तोवर उद्या सकाळी एक कर. उठायच्या आधी पलंगावरच सावकाश उजव्या कुशीवर हो, मिनिटभर थांब, मंग डाव्या. कोणत्या बाजूला घर फिरते आणि किती वेळ, ते कालनिर्णयवर लिही. कानाच्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच विचारायचं असते.